दहावीचे रोडगे

माणूस गेल्यावर लोक घरी येतात ते धीर द्यायला, असा एक समज आहे. गावंडे सरांच्या घरी लोक आले ते सल्ला द्यायला. तुळस उजवीकडं हलवा. कूलरची टाकी काढून ठेवा. स्कूटी विकू नका. स्कूटी विकून टाका. बाईमाणसानं आता कपाशीच्या भानगडीत पडू नये, सोयाबीन पेरावं. सोयाबीन तर मुळीच पेरू नये. सरांची एकुलती एक मुलगी वृषाली हे सगळं दिवाळीपासून ऐकत होती. पुण्यातल्या एका प्रकाशनात ती मुद्रितं तपासते, त्यामुळं दुसऱ्यांच्या चुका आवाज न चढवता बघत बसायची तिला सवय आहे. आईला एकटं टाकून जायचं जिवावर येत होतं, आणि मुद्रितं हल्ली मोबाइलवर कुठंही येतात, म्हणून ती दिग्रसजवळच्या या गावात राहून गेली होती. दिवस बरे चालले होते. बरे म्हणजे, कुणी तिला फार बोलायला लावत नव्हतं.

मग जानेवारीतल्या एका रविवारी अंगणात चपलांचा ढीग पडला आणि अख्खी दहावी ओसरीवर येऊन बसली. पोरांनी आधी सरांच्या फोटोला नमस्कार केला, मग एकमेकांना कोपरं मारली, मग खुशी पुढं झाली. खुशी वर्गाच्या वतीनं बोलते. बहुतेक वेळा वर्गाला न विचारता बोलते.

"ताई, रोडग्याचं काय ठरलं?" तिनं विचारलं. बैठक कधीचीच सुरू आहे आणि वृषालीच उशिरा आली आहे, असा तिचा स्वर होता.

ज्यांना रोडगा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक ओवा, मीठ, तेल घालून मळायची, तिचे मुठीएवढे गोळे करायचे, ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे आणि मग गरम राखेत पुरून ठेवायचे. बाहेर काढून राख झटकली, फोडून वर तूप सोडलं आणि शेजारी वांग्याची रस्सेदार भाजी नि वरण असलं, की वऱ्हाडी माणूस तासभर राजकारणाविषयीसुद्धा बोलत नाही. गावंडे सर दर वर्षी परीक्षेच्या आधी दहावीच्या वर्गाला नाल्यापलीकडच्या आपल्या शेतात नेत आणि स्वतः रोडगे भाजून घालत. शाळेचा निरोप समारंभ वेगळा होई. त्यात नववी दहावीला बुंदी देते, दहावी शाळेला भिंतीवरचं घड्याळ देते, आणि पाहुणे जीवन म्हणजे काय ते सांगतात. मुख्याध्यापकांच्या खोलीत अशी इतकी घड्याळं झाली आहेत, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही, की शिपाई घंटा मोबाइल बघून देतो. त्या समारंभाला कुणी निरोप मानत नसे. खरा निरोप रोडग्यांचा. ज्या वर्गानं सरांचे रोडगे खाल्ले नाहीत तो वर्ग दहावी झालाच नाही, असं या गावात सरळ सरळ मानतात.

वृषालीनं विचार न करता हो म्हटलं. म्हणजे, बघणाऱ्याला तसं वाटलं असतं. खरं तर त्या विचाराला अठरा वर्षं झाली होती. मास्तरची पोरगी घरचे मार्क घेते असं कुणी म्हणू नये, म्हणून सरांनी तिला आठवीपासून पुसदला आत्याकडं ठेवलं होतं. दहावीच्या वर्षी ती सुटीला घरी आली, तेव्हा नेमके रोडगे होते. मीही येऊ का, असं तिनं विचारलं होतं. सर म्हणाले होते, तो दिवस वर्गाचा असतो, आणि तू या वर्गाची नाहीस. रागावून नाही, पाण्याचा उत्कलनबिंदू सांगावा तसं. पुढं ती खूप शिकली, खूप वाचलं, वडिलांशी पुष्कळ विषयांवर बोलली. हा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. आता वर्ग स्वतः येऊन ओसरीवर बसला होता. तिला त्या शेतात त्या दिवशी एकदा बसायचं होतं. एवढंच काय ते होतं.

अडचण अशी, की रोडगे कसे करतात हे तिला माहीत नव्हतं. आईला विचारलं. आई म्हणाली, शेतातले रोडगे गडीमाणसं करतात, तिथं बाया जात नाहीत, ती आयुष्यात कधी गेली नाही. घरी चुलीत नुसत्या तुरीच्या काड्या नि तव्यावरच्या पोळ्या. शेजारच्या मैनाबाईंनी कुंपणावरून हे ऐकलं आणि त्या कुंपण ओलांडून आल्या. पाठोपाठ समोरचे बाबाराव आले. बाबाराव एसटीत ड्रायव्हर होते, पुसद आगारातून निवृत्त झाले, आणि जगातला कुठलाही प्रश्न ते आगाराच्या फाटकातून आत घेतात.

कणीक किती जाड दळावी यावर दोघांचा अर्धा दिवस गेला. मैनाबाईंचं म्हणणं रव्यासारखी, बाबारावांचं म्हणणं त्याहून भरड. हे भांडण पिठाच्या गिरणीवर जाऊन मिटवायचं ठरलं, तिथंच पहिला घोटाळा झाला. गिरणीवर चार गावांचे लोक असतात. वृषालीनं आपलं भोळेपणानं सांगून टाकलं, की सरांचे रोडगे करायचे आहेत. ती घरी पोचायच्या आत ही बातमी 'गावंडे सरांचे विद्यार्थी' नावाच्या मोबाइलवरच्या गटात पोचली होती. दिग्रसच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या सुनीलनं तिथं लिहिलं, की जगात पुष्कळ रोडगे खाल्ले, सरांच्या हातची चव कुठं नाही. त्याखाली उमरखेड, ढाणकी, आर्णी, नागपूर आणि एका दुबईवाल्याचे हात जोडलेले निघाले. त्यानंतर एकानं विचारलं, "तारीख सांगा, येतो." आणि मग सगळ्यांनीच विचारलं.

वृषालीनं ठरवलं, की आधी सराव करावा. अंगणात मैनाबाईंकडच्या दोन-चार गोवऱ्या मांडल्या. बाबाराव म्हणाले, जाळ पहिल्या गिअरमधी उचलायचा, एकदम रेस द्यायची नाही. मैनाबाई म्हणाल्या, जाळाले गिअर नसते, फुकणी असते. या दोन मतांच्या मधे वृषाली बसली होती आणि धूर मात्र एकमतानं तिच्या डोळ्यांत येत होता. पहिल्या दिवशीचे रोडगे लोखंडासारखे काळे नि तितकेच कडक झाले. मैनाबाईंच्या कुत्र्यानं एक हुंगला, वृषालीकडं पाहिलं आणि अपमान झाल्यासारखा निघून गेला. पुण्यात तिनं हस्तलिखितं परत पाठवली होती, पण इतक्या थोडक्यात नाकारणं तिलाही कधी जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाहेरून सोनेरी नि आतून पीठ. तिसऱ्या दिवशी, कुणाचा सल्ला कुठं चुकून लागू पडला कोण जाणे, सगळे रोडगे उत्तम झाले. खुसखुशीत, आतपर्यंत शिजलेले, ओव्याच्या वासाचे. सारा मोहल्ला खाऊन गेला. वृषालीला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, की हे जमेल, आणि वडिलांचं नाव राहील.

तेवढ्यात तिला मुख्याध्यापकांनी बोलावलं.

मनवर सर सज्जन गृहस्थ. मुख्याध्यापक व्हायच्या आधी वीस वर्षं ते गावंडे सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसत. त्यांनी चहा मागवला, घड्याळांकडं पाहिलं, त्यातलं एक निवडून वेळ बघितली आणि म्हणाले, "ताई, माझी ना नाही. पण माझा होकारही नाही. वर विचारावं लागेल."

मुलांना गावात कुठंही न्यायचं असेल तर ती परिसरभेट. पण सरांचं शेत नाल्यापलीकडं, म्हणजे शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत. नाला ओलांडला की परिसर संपतो आणि सहल सुरू होते. सहलीला परवानगी लागते, आणि परीक्षेच्या तोंडावर दहावीच्या सहलीला परवानगी मिळत नाही. वृषालीनं विचारलं, की इतकी वर्षं कशी मिळत होती. मनवर सर म्हणाले, इतकी वर्षं गावंडे सर विचारत नव्हते, ते थेट घेऊन जायचे. आणि त्यांना नाही कोण म्हणणार? आता ते नाहीत, म्हणून नियम आहे.

हे वाक्य त्यांनाही बोलून झाल्यावर ऐकू आलं असावं. त्यांनी तिच्यापुढं बिस्किटं सरकवली.

अर्ज वृषालीनं लिहिला. वरच्या ऑफिसातून निरोप आला, की 'रोडगे भाजणे' हा शैक्षणिक उद्देश होत नाही. दुसरा अर्ज मनवर सरांनी सांगितला तसा केला: पारंपरिक इंधनाच्या ज्वलनाचा प्रत्यक्ष अभ्यास. त्यावर तिथल्या बाबूनं शंका काढली, की भाषा इतकी शुद्ध आहे, की हे शाळेतून आलंय असं वाटत नाही. वृषालीनं आयुष्यात पुष्कळ अपमान पुस्तकांतून वाचले होते. हा प्रकार नवा होता. तिनं अर्ज परत लिहिला आणि दाताखाली खडे चावावेत तशा दोन-तीन चुका आपल्या हातानं घातल्या. परवानगी आली. अटी तीन. सोबत जबाबदार महिला हवी, आग विझवण्याची व्यवस्था हवी, आणि अभ्यासाचा निष्कर्ष सात दिवसांत सादर करावा.

आता गोवऱ्या. आधी वर्गापुरत्या लागणार होत्या, आता दुबईवाला सोडून सगळेच येणार होते. पण गावात घरोघरी गॅस आलेला, गुरं कमी झालेली, गोवऱ्या थापणार कोण? वृषालीला मोबाइलवर दिसलं, की त्या पुण्यात दुकानातून मिळतात, छान चौकोनी खोक्यात, पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या. तिनं तो फोटो मैनाबाईंना दाखवला. मैनाबाईंनी तो बराच वेळ पाहिला, मग आईला बोलावून दाखवला, मग शेजारणींना. "शेणाले कागद गुंडायते काय बाप्पा," एवढंच त्या म्हणाल्या, पण आठवडाभर म्हणाल्या.

शेवटी पोरंच हातगाडी घेऊन गावभर फिरली. खुशी पुढं, ऋतिक गाडी ढकलायला. रोडग्यांसाठी म्हटलं की लोक आत जात आणि जे असेल ते आणून देत. कुणी होळीसाठी राखून ठेवलेल्या दिल्या, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवलेल्या. बौद्ध वस्तीतून संघदीपच्या आजीनं माळ्यावरची टोपलीच उतरवून दिली आणि टोपली परत पाठवायची तसदी घेऊ नका म्हणाली. तांड्यावरून हरिसिंगनं, ज्याचं शेत सरांच्या शेताला लागून आहे, गोवऱ्या तर दिल्याच, वर वांगी माझी असं सांगून टाकलं. त्याच्या वांग्यांचं पहिलं पोतं आलं तेव्हा आईला समाधान वाटलं. तिसरं आलं तेव्हा तिनं दाराला कडी लावली. वृषाली मात्र हातगाडीकडं बघत राहिली होती. ज्या घरांची नावंही तिला माहीत नव्हती, त्या घरांनी वडिलांसाठी जळण दिलं होतं. तिला कुणाचे तरी आभार मानायचे होते, पण गावात आभार मानायची पद्धत नाही. मानले तर लोकांना वाटतं आपलं काही चुकलं.

गोवऱ्या आदल्या दिवशी शेतात नेऊन ठेवल्या. त्या कुठं ठेवायच्या हे बाबारावांनी ठरवलं. उघड्यावर ठेवल्या तर दव पडेल, म्हणून हरिसिंगच्या मोटारघराच्या भिंतीशी रचायच्या आणि वरून ताडपत्री आवळायची. आगारात टायर असेच ठेवत, आणि एकही टायर कधी भिजला नाही, असं ते म्हणाले. ते खरंही असेल. पण शेतीच्या मोटारीला वीज सरकारच्या मर्जीनं येते, आणि ती आल्यावर उठून जायला नको म्हणून प्रत्येक शेतकऱ्यानं मोटारीला ऑटो लावलेला असतो. वीज आली, की मोटार आपली आपण सुरू होते. त्या दिवशी वीज पहाटे आली. हरिसिंगची मोटार इमानदारीनं सुरू झाली, पाट भरला, फुटला, आणि हरभऱ्याला जायचं पाणी मोटारघराच्या भिंतीशी येऊन थांबलं. वरून ताडपत्री होती. गोवऱ्या दवापासून अगदी सुरक्षित होत्या.

सकाळी वृषाली, आई, मैनाबाई आणि सारा वर्ग शेतात पोचले, तेव्हा हरिसिंग कपाळाला हात लावून उभा होता आणि बाबाराव ताडपत्रीकडं बोट दाखवून सांगत होते, की वरून बघा, एक थेंब नाही. मागून मनवर सर दोन बादल्या नि वाळूचं घमेलं उचलून आणत होते. आग विझवण्याची व्यवस्था अशी सगळीकडून झाली होती. आग लागायची तेवढी राहिली होती.

वरच्या थरातल्या कोरड्या गोवऱ्या निवडल्या. त्या वर्गापुरत्याही नव्हत्या. ओल्या उन्हात पसरल्या, आणि त्यांच्याकडं बघत जुने विद्यार्थी मोटारसायकलींवरून येत राहिले. पायजमे, जीन्स, कडेवर पोरं, एक जण लग्नाच्या वाढदिवशी बायकोसकट. सगळ्यांनी जाळाविषयी मत दिलं. वांग्याची भाजी मात्र मैनाबाईंनी कुणाचं न ऐकता दगडांच्या चुलीवर चढवली होती, आणि तिचा वास सुटला तसतशी लोकांची मतं कमी झाली. वृषालीच्या तिसऱ्या दिवशीच्या यशाचा इथं काही उपयोग नव्हता. कोरड्या पेटल्या, त्यावर अर्धओल्या टाकल्या, आणि सगळ्या शेतावर असा धूर उभा राहिला, की पलीकडच्या रस्त्यावर एसटी थांबवून ड्रायव्हरनं काय झालं म्हणून विचारलं. बाबाराव त्याला ओळखत होते. तेवढीच त्यांची इभ्रत वाचली.

शेवटी निखारे झाले, पण ते दमलेले होते. रोडगे पुरले, वरून राख ओढली, आणि मैनाबाईंनी सांगितलं, की आता बसा, आपल्या हातात काही नाही.

बसायचं म्हटल्यावर पोरांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. वर्ग जाळाभोवती अर्धवर्तुळात बसला, आणि जुने विद्यार्थी कुणी न सांगता मागं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसले. समोर, बोरीखाली, एक सपाट दगड होता. खुशीनं तो ओढणीनं पुसला आणि वृषालीला म्हणाली, "ताई, तुमी इथं बसा. आता गाऱ्हाणी होतीन."

वृषालीला गाऱ्हाणी हा प्रकार माहीत नव्हता. तो बाहेरच्या कुणालाच माहीत नव्हता, कारण तिथलं बोलणं तिथंच ठेवायचं असा नियम होता. तो मागच्या वर्गाकडून पुढच्या वर्गाला तोंडी मिळे. रोडगे भाजून होईपर्यंत सर त्या दगडावर बसत, आणि प्रत्येक पोरानं, पोरीनं उठून सरांविरुद्ध किंवा शाळेविरुद्ध इतक्या वर्षांत जे मनात साचलं असेल ते बोलायचं. सरांनी ऐकायचं. उलटून एक शब्द बोलायचा नाही, समजावायचं नाही, दुसऱ्या दिवशी डूख धरायचा नाही. वर्षभर बोलणाऱ्या माणसानं एक तास गप्प बसायचं, हेच वर्गाला निरोपाचं देणं. वृषाली त्या दगडावर बसली. पुसदला गेल्यापासून वडील तिच्याशी जितकं बोलले, त्यात त्यांनी नुसतं ऐकलंय असं तिला एकदाही आठवत नव्हतं.

पहिला संघदीप उठला. हा वर्ग पाचवीत हायस्कूलला आला तेव्हा करोनानं शाळाच बंद होती. मोबाइल थोड्यांकडं होते, म्हणून सर भंगारवाल्याचा भोंगा उसना घेऊन गल्लोगल्ली शिकवत फिरत. "सर, तुमी आमच्या वस्तीत चुंबक शिकवाले आले," संघदीप दगडाकडं बघून म्हणाला, "तं भोंग्यावर पयले भंगारवाल्याचंच वाजलं. माह्या आजीनं कूलर बाहेर आणून ठेवला. तुमी बी चुंबकाचा प्रयोग म्हणून त्याले चुंबक लावून दाखवलं. तेवढ्यात खरा भंगारवाला आला अन् कूलर घेऊन गेला. आमी दोन उन्हाळे पंख्यावर काढले. माहं एवढंच हाये."

धुऱ्यावर लोक हसून लोळत होते. वृषाली हसू दाबून बसली; दगडाच्या नियमात हसणं बसतं की नाही तिला ठाऊक नव्हतं.

खुशीचं गाऱ्हाणं असं, की सहावी-सातवीत ती तोंडातून शब्द काढत नसे, सरांनी तिला रोज परिपाठाला पुढं उभं केलं, आणि आता घरीदारी सगळे तिला चूप बस म्हणतात. यात चूक कोणाची, हे तिनं वर्गालाच विचारलं. वर्गानं एकमुखानं सरांची म्हटलं.

ऋतिक उठायला तयार नव्हता. त्याला ढकलून उभं केलं. "सर पहाटे पाचले दार वाजवत," तो म्हणाला. "मी अभ्यास करतो का नाई ते पाहाले. माहे बाबा उठून त्यायले चहा मांडत. मंग दोघं बोलत बसत, अन् मले झोपू देत नसत. आता सर येत नाई. तरी बाबा पाचले उठते, चहा मांडते, अन् एकट्यानं पिववत नाई म्हणून मले उठवते. मले झोप पायजे, सर." तो खाली बसला आणि पायाजवळचं ढेकूळ फोडत राहिला.

निकिता शेवटची. तिनं फार हळू सांगितलं. 'अवकाश मोहिमा' हा धडा मी दिवाळीनंतर शिकवीन, माझा सगळ्यांत आवडता आहे, असं सर म्हणाले होते. नव्या मॅडमनी तो चांगला शिकवला. तिला सगळा येतो. पण सर म्हणाले होते.

राखेतून बारीक धूर येत होता आणि मनवर सर वाळूच्या घमेल्यात काहीतरी शोधत होते. वृषाली हात मांडीवर ठेवून बसून राहिली. उत्तर द्यायचं नाही हा नियम किती अवघड आहे, आणि ते दर वर्षी इथं बसून हे कसं करत असतील, याचा ती विचार करत होती, तेव्हा खुशी पुन्हा उभी राहिली.

"ताई, तुमचं काही असन तं बोला. पण तिथून नाई. तिथं बसलेल्याले बोलता येत नाई. इकडं आमच्यात या."

पोरं सरकली. ऋतिक आणि निकिताच्या मधे जागा झाली. वृषाली दगडावरून उठली, ते चार पावलांचं अंतर चालून गेली आणि वर्गात बसली. मग नियमाप्रमाणं उभी राहिली. ती पुण्याच्या सभांतून बोललेली बाई होती. शब्द तिच्याजवळ भरपूर होते. पण जे तोंडात आलं ते तिनं बऱ्याच वर्षांत बोललेलं नव्हतं.

"बाबा, तुमी मले पुसदले पाठवलं," ती म्हणाली. "लोक बोलतीन म्हणून. लोक तं तरीबी बोललेच. मले तुमच्या वर्गात बसाचं होतं."

दगडावर कुणी नव्हतं. तिकडून उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ती खाली बसली, तेव्हा निकितानं स्वतःची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि दुसरीकडं पाहिलं.

मैनाबाईंनी काठीनं राख उकरली. पोरांनी रोडगे फडक्यात घेऊन झटकले, फोडले. बाहेरून काळे, आणि आत, बरोबर मधोमध, पांढरं ओलं पीठ. वृषालीला धरणी दुभंगावी असं वाटलं, निदान हरिसिंगचा पाट तरी पुन्हा फुटावा. एवढं गाव जेवायला बसलं होतं, आणि वडिलांच्या नावानं हे. पत्रावळी मांडल्या गेल्या होत्या, कुणी थांबायला तयार नव्हतं. सुनीलनं पहिला घास घेतला. चावला. त्याचं चावणं हळूहळू थांबलं.

"काय झालं बा?" बाबारावांनी विचारलं.

"सरायच्या हातचा," सुनील म्हणाला. "हाच. असाच मधात कच्चा."

धुऱ्यावरून माना हलायला लागल्या. एकेक वर्ग कबूल होत गेला. कुणाला त्या रात्रीची पोटदुखी आठवली, कुणाला आईनं दिलेला ओवा. मनवर सरांनी सांगितलं, की आपण वीस वर्षं हे खाल्लं आहे, गावंड्यांना निखारा कधी पुरला नाही, ते नेहमी घाई करायचे. मग इतक्या वर्षांत कुणी बोललं कसं नाही, असं वृषालीनं विचारलं. गाऱ्हाणी आधी व्हायची आणि जेवण नंतर. सरांनी क्रम विचार करून लावलेला होता.

आई इतका वेळ बोरीखाली एका बाजूला बसून होती. तिनं आपल्या पत्रावळीतला तुकडा तोंडात घातला, बोटानं मधलं पीठ चाचपून पाहिलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. वृषाली घाबरून उठली. आई हसत होती. दिवाळीपासून पहिल्यांदा, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बत्तीस वर्सं रोडगे भाजले," ती म्हणाली. "बत्तीस वर्सांत या माणसानं एक रोडगा घरी आणला नाई. म्या विचारलं तं म्हणे, पोट्ट्यायनं पुरू दिले नाई. चोर."

मैनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत हसत होत्या. मनवर सरांनी खिशातून कागद काढला होता आणि ओल्या इंधनाचं ज्वलन अपूर्ण होतं, असा निष्कर्ष लिहावा की नाही हे ते बाबारावांना विचारत होते. वृषाली वर्गाच्या रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसली. तूप सोडून तिनं अख्खा रोडगा खाल्ला, करपलेलं नि कच्चं दोन्ही, आणि रिकामी पत्रावळ पुढं केली.

ऋतिक वाढायला आला होता. तो घुटमळला. "ताई, मधातलं सोडून द्या. पोट दुखीन."

"तुमच्यातल्या कोणी सोडलं काय?"

ऋतिकनं रांगेवरून नजर फिरवली. "नाई."

"मंग वाढ," वृषाली म्हणाली.